आमची वाटचाल: सिमेंटचे पत्रे उतरवताना

आमचं मूळ काम शेडचं. नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीतल्या जुन्या कारखान्यांचे सिमेंटचे पत्रे उतरवायचे, रंगाचा थर दिलेले धातूचे (कलर कोटेड) पत्रे चढवायचे, यावरच फर्म उभी राहिली. या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, म्हणजे बारीक तंतूंचं खनिज, जे श्वासातून आत गेलं की फुप्फुसाचे आजार होतात. ही गोष्ट मात्र व्यवहारात फारशी कोणी काढत नसे.

मग अंबडच्या एका कंपनीने कोटेशनसोबत कामगारांची ॲस्बेस्टॉस काढण्याची प्रमाणपत्रं मागितली. चौकशी केली. तेव्हाच्या कारखाना कायद्यात हवेतल्या तंतूंची मर्यादा होती, २०१६ च्या घातक कचरा नियमांत ॲस्बेस्टॉसचा कचरा आहे. पण छपरावर चढणाऱ्या माणसासाठी सक्तीचं प्रमाणपत्र आपल्याकडे नाही. अमेरिकेत कामगाराला चार दिवसांचं प्रशिक्षण लागतं, त्यात किमान १४ तास प्रात्यक्षिक, शेवटी परीक्षा आणि दर वर्षी एक दिवसाची उजळणी. मुकादमाला पाच दिवस. आम्ही तोच साचा धरून आमच्या मुलांना, म्हणजे कामगारांना, शिकवायला घेतलं. त्याला सरकारी मान्यता नाही, हे गिऱ्हाइकाला लेखी कळवतो.

पत्रा आधी ओला करायचा. पत्रा धरून ठेवणारा आकड्यासारखा जे-बोल्ट गंजलेला असला तरी हातोडा घालायचा नाही, बोल्ट कापायचा. पत्रा अखंड खाली घ्यायचा, वरून टाकायचा नाही. पाय थेट पत्र्यावर नाही, फळीवर. कारण जुना पत्रा पायाखाली फुटून माणूस खाली येतो, हा धोका तर लगेचचा आहे. सगळ्यात जास्त वेळ मास्कवर जातो. दाढी असली की मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि तंतू आत शिरतात. श्रावणात दाढी न करणारी मुलं आमच्याकडे बरीच आहेत. त्यांचा नेम मोडायला आम्ही सांगत नाही. तो महिनाभर त्यांना पत्रे उतरवण्यापासून लांब, नव्या शेडच्या वेल्डिंगवर ठेवतो.

उतरवलेले पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर जातात. त्यामुळे आमचा दर चढा असतो आणि कामं हातची जातात. तरी दर उतरवत नाही. ॲस्बेस्टॉसचे आजार दहा-वीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगाला कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी ४० वर्षं जपायला सांगितलं. आमची फर्म लहान आहे, तरी प्रत्येक मुलाच्या छातीच्या तपासणीची फाइल आम्ही तितकीच वर्षं ठेवणार आहोत, तो काम सोडून गेला तरी.