करवतीच्या नादात 26,500 रुपये: भंडारा-मोहाडीची लग्नखरेदी

निकाल आधीच सांगून टाकते. लग्नाची करवती साडी घ्यायला परदेशातून येत असाल तर गाडीच्या ड्रायव्हरला 'इथे चांगली साडी कुठे मिळते हो दादा' असं चुकूनही विचारू नका. मी विचारलं. तो प्रश्न मला 26,500 रुपयांना पडला.

राहते नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, माहेर वर्ध्याकडच्या आर्वी तालुक्यातलं. लग्न जूनमध्ये आइंडहोवनलाच आहे, म्हणून फेब्रुवारीत 11 दिवसांची सुट्टी काढून फक्त कपड्यांसाठी आले. तिकडच्या आपल्या मंडळींच्या प्रत्येक लग्नात नवरी एकतर पैठणीत, नाहीतर लेहंग्यात. पैठणीशी माझं वैर नाही, पण ती पैठणची आणि येवल्याची. आमच्या आजीच्या पेटीत पैठणी नव्हती. करवती होती. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, मधासारखं अंग, लाल काठ आणि काठावर करवतीसारखे दात. हे दात रामटेकच्या देवळांवरून उचलले असं सांगतात. भौगोलिक मानांकनही मिळालंय या साडीला. तर ठरवलं, नेसायची तर करवती नऊवारी, आणि तीही थेट विणकराच्या घरून घ्यायची. या 'थेट विणकराच्या घरून'नेच घात केला.

नागपूर ते भंडारा साठेक किलोमीटर, रस्ता उत्तम, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. रेल्वेने येणार असाल तर एवढंच की भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. तिथून ऑटो करावा लागतो. मी ओळखीतून गाडी केली होती, दिवसाचे 4,800. ड्रायव्हर गोड बोलणारा. 'ताई, दुकानात कायले जाता, तुमाले डायरेक्ट मागावर नेतो ना' म्हणाला आणि हायवे सोडून आत घातली गाडी.

गावाचं नाव लिहीत नाही. घर साधं, बाहेर पाटी नाही. पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग, त्यावर अर्धी विणलेली साडी, बाजूला पाटावर एक म्हातारबाबा. मी लगेच विरघळले. फोटो काढले, गटावर टाकले, 'बघा गं, इथे माझी साडी जन्माला येते' वगैरे. तो फोटो आज मोठा करून बघते तेव्हा दिसतं की फणीत, म्हणजे मागावरच्या कंगव्यात, जळमट आहे. आडवा धागा नेणारा धोटा मागच्या कोनाड्यात पडलाय, त्यात धाग्याची कांडीसुद्धा नाही. आणि पायाखालच्या पावड्यांवर इतकी धूळ की तिथे कुणाचा पाय लागून महिने झाले असावेत. त्या वेळी यातलं एकही दिसलं नाही. मी त्या बाबांच्या हातावरच्या शिरा बघत बसले होते!

माल मागच्या खोलीत. गादी, पांढरी चादर, थंडा, मग एकेक घडी उलगडणं. मी अगदीच बावळट नाही, घरून वाचून आले होते. रेशीम खरं कशावरून, असं विचारलं. मालकाने सिल्क मार्कचं लेबल दाखवलं, पदराच्या टोकाचा एक धागा ओढला आणि काडी लावली. जळक्या केसांचा वास आला, राख चिमटीत भुगा झाली. नायलॉन-पॉलिस्टर असतं तर टणक गोळी झाली असती. पास. सांगितले 32,000, मी घासाघीस करून 26,500 वर आणले आणि वर स्वतःवरच खूश झाले. साडी खाकी कागदात बांधून मिळाली, सोबत फॉल-पिकोचे 350 वेगळे.

इथे थांबा. नऊवारीला फॉल कोण लावतं? कासोटा घालायच्या साडीला फॉल काय कामाचा? हे मला रात्री लॉजवर सुचलं. मग टेप काढली. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. माझी भरली 7.3, म्हणजे आठवारी. माझी उंची 5 फूट 7 इंच. मागे कासोटा खोचला की पदर खांद्यावर जेमतेम पोचत होता. पलंगावर बसून तीनदा मोजली, प्रत्येक वेळी टेप तेच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी आईने बजावलं होतं म्हणून मोहाडीला चौंडेश्वरीच्या दर्शनाला गेले. गाडी सोडून दिली होती, भंडाऱ्याहून एसटीने गेले. चौंडेश्वरी म्हणजे कोष्ट्यांचं, विणकर समाजाचं दैवत, त्यामुळे देवळात एका बाईंना विचारलं तर त्या सरळ घरीच घेऊन गेल्या. तिथे माग चालू होता. आवाज आधी येतो, घर नंतर दिसतं. त्यांच्या सासूबाई ऐंशीच्या तरी असतील, अंगणात कांड्या भरत होत्या. मी पिशवीतून साडी काढली.

'केवढ्याले घेतली वं माय?'

लाज वाटली. निम्मी किंमत सांगितली, 13,000. तरी आजींनी कपाळावर हात मारला.

मग त्यांनी काठ उजेडात धरून दाखवला. हे नीट वाचा, हीच एक गोष्ट शिकून जा. खऱ्या करवतीत तीन धोटे चालतात: दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. अंगाचा कोशाचा धागा दातापर्यंत येतो, काठाच्या धाग्याला अडकतो आणि परत फिरतो. काठात तो शिरतच नाही. म्हणून काठ उभा-आडवा दोन्हीकडून लाल, एकदम ठसठशीत. माझ्या साडीत बदामी धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेला. लालात बदामी मिसळून काठ झाला होता विटकरी, मिणमिणता. मी त्याला 'अँटिक लूक' समजून 26,500 मोजले होते. उलटी बाजू बघितली तर प्रत्येक दाताच्या मागे मांजराच्या मिशांसारखे कापलेले धागे. आजींच्या मागावरचा काठ उलटा-सुलटा सारखाच दिसत होता.

म्हणजे साडी पॉवरलूमची. आणि रेशीम? रेशीम खरंच होतं! सिल्क मार्क एवढंच सांगतो की रेशीम शुद्ध आहे. ते हातमागावर विणलं की यंत्रावर, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. त्या माणसाने जे खरं होतं तेवढंच मला तपासू दिलं, आणि मी काडी विझवून समाधानाने मान डोलावली.

आता या प्रवासातला सगळ्यात वाईट टप्पा. मी साडी परत द्यायला गेले. जाऊ नका. ड्रायव्हर फोन उचलेना, त्या गावाला थेट एसटी नाही, म्हणून शेअर ऑटो, मग फाट्यावर पाऊण तास, मग एका दूधवाल्याच्या मागे बसून शेवटचे काही किलोमीटर. फेब्रुवारीतच दुपारी डोकं तापलं होतं, एप्रिल-मेत हे करणारीला नमस्कार. मालक घरीच होता. पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाला, 'मॅडम, मी हातमाग कधी म्हणालो? मी करवती म्हणालो. मागाचे फोटो तुम्हीच काढले.' आठवून बघितलं. खरंच, तो शब्द त्याने एकदाही उच्चारला नव्हता. आणि आठवारीचं? 'आमच्याकडे हीच नऊवारी.' बिल म्हणून एक चिठ्ठी होती, त्यावर '1 नग, लाल, 26,500', ना नाव ना शिक्का. परत निघाले तेव्हा तो बाबा मागाशेजारी बसलेलाच होता. माझ्याकडे बघून हसला, बिचारा. त्याचा काही दोष नसावा, त्याला बसायचेच पैसे मिळत असतील.

पूर्ण दिवस गेला, 11 पैकी एक. चिठ्ठी देऊ केली तर साडी उघडूच नका. बिलावर 'हातमाग' हा शब्द आणि मीटरमध्ये लांबी लिहून मागा. लिहायला का-कू केलं की उठा.

मोहाडी, आंधळगाव, इकडे पवनी, सगळीकडे विणकर आहेत, पण घरात साड्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात या भ्रमात राहू नका. खरा विणकर तुम्हाला चाळीस साड्या दाखवूच शकत नाही. माल उतरला की व्यापाऱ्याकडे नाहीतर संस्थेकडे जातो. घरी असतात एक-दोन, त्याही बहुतेक सहावारी. तीन घरं फिरून नऊवारी कुठेच मिळाली नाही. शेवटी आजींच्याच घरी ऑर्डर दिली. 14,500 ठरले, 5,000 आगाऊ. नऊवारीचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा लावावा लागतो, हातचं काम संपलं की मग, असं त्यांच्या मुलाने सांगितलं. माझ्या हातात उरले होते सहा दिवस. तेव्हा तीन महिने आधी ऑर्डर द्या, सुट्टीत येऊन घेऊन जाऊ म्हणाल तर फसाल.

रंग फोनवर ठरवू नका. कोसा हे ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच्या किड्याचं रेशीम, त्याचा रंग दर खेपेला थोडा वेगळा. कधी मध, कधी बदाम, कधी चहात बुडवलेल्या पावासारखा. स्क्रीनवर सगळे सारखेच दिसतात. मी लाल आणि जांभळ्या सुताची एकेक लड कोशाच्या लडीला पीळ घालून अंगणात उन्हात धरली आणि पाच मिनिटांत जांभळा बाद केला. ताणाही कोशाचाच ना, हेही विचारून घ्या. पुष्कळदा ताणा दुसरा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, तेवढा कोशाचा असतो. त्यात वाईट काही नाही, किंमत मात्र तशी हवी. कोशाचा धागा गाठाळ असतो, हाताला लागतो. तीच त्याची ओळख. गुळगुळीत, एकसारखा रंग दिसला तर सावध व्हा.

साडी एप्रिलमध्ये आतेबहिणीच्या हातून आली. वचन दिलेल्या तारखेपेक्षा नऊ दिवस उशिरा. लांबी 8.3. जीव भांड्यात पडला.

आर्वीचे चार दिवस मजेत गेले, त्याबद्दल विशेष काही नाही. मामाने पुलगावहून पिवळी सुती अष्टपुत्री आणली, 1,150 रुपये, प्रश्नच नाही. ब्लाउजचं मात्र लिहायला हवं. कोशाचं कापड कडेला उसवतं, त्यामुळे अस्तर पाहिजेच आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया आत सोडून शिवायला सांगा. आमच्या टेलरकाकांनी 'कायले एवढं कापड वाया घालवता' म्हणत अर्धा इंच ठेवलं होतं, मी उभं राहून उसवायला लावलं. हूक पुढे घ्या, पाठीवर नको. तिकडे सकाळी सात वाजता पाठीचे हूक लावून द्यायला कोण येणार आहे? आइंडहोवनला कपडे दुरुस्तीवाल्याला एक जुना ब्लाउज दाखवला होता. त्याने तो उलटा-सुलटा केला, अस्तर बघितलं आणि अदबीने परत दिला. त्यांचं काम म्हणजे जीन्सची लांबी आणि झिपा. जे काही करायचं ते इथूनच करून न्या.

करवती कापून शिवलेली नऊवारी करायचा विचार असेल तर स्पष्ट सांगते, करू नका. शिवलेली हवीच असेल तर त्यासाठी साधी साडी घ्या, आणि माप लग्नात घालणार त्याच चपला पायात घालून द्या. नेसायचा सराव करा. मी रोज जेवणानंतर एका जुन्या सुती नऊवारीवर करते. पंचवीस मिनिटांवरून नऊवर आले आहे, कासोटा अजून सुटतो.

नेताना साड्या हातातल्या बॅगेत, मलमलीत गुंडाळून. सुटकेस हरवली तर विमा पैसे देईल, लग्न पुढे ढकलून देणार नाही. युरोपीय संघातल्या देशात बाहेरून विमानाने उतरताना माणशी 430 युरोपर्यंतची खरेदी करमुक्त असते. एकच वस्तू त्याहून महाग असेल तर तिची किंमत दोघांत वाटून दाखवता येत नाही, पूर्ण किमतीवर कर बसतो. त्यासाठीही पक्कं बिल जवळ असू द्या. मी ती '1 नग, लाल' चिठ्ठी घेऊन ॲमस्टरडॅमच्या स्किपॉल विमानतळावर उतरले होते. कुणी विचारलं नाही, पण बेल्टपासून दारापर्यंत हात घामेजले होते.

मोहाडीला सकाळी दहाच्या आत पोचा, दुपारी माग बंद असतात आणि जेवून आडवं झालेल्या माणसाला उठवणं बरं दिसत नाही. पाणी सोबत, टेप सोबत. मागाजवळ गेलात की आधी फणी बघा, मग माणसाकडे.

ती विटकरी आठवारी कपाटात आहे. मी म्हणते हॉलच्या स्टेजमागे पडदा करू. आई फोनवर रोज म्हणते, रेशीम तर खरं आहे ना, पडदा कायले करते?