फ्रिजचं रबर

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, ताकाचं पातेलं फ्रिजमध्ये सरकवलं आणि दार लोटलं. ते लागलं नाही. म्हणजे लागल्यासारखं झालं आणि मी पाठ फिरवताच हळूच बोटभर उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा तेच. शेवटी चष्मा चढवून फरशीवरच बसकण मारली. खालच्या कोपऱ्यात रबराच्या घडीतून काय काय निघावं! वाळून काळी पडलेली कोथिंबिरीची काडी, दोन मोहऱ्या, साबुदाण्याचा फुगून पुन्हा सुकलेला दाणा, कसलासा चिकट पाक, बहुधा मोरांब्याचा, आणि त्या पाकात अडकलेला एक लांब केस. केस कुणाचा, यावर घरात चर्चा नको म्हणून तो आधी टाकून दिला.

जुना टूथब्रश, कोमट पाणी, चिमूटभर सोडा. घडी उलगडली की आत आणखी एक घडी, तिच्यात काळपट बुरशी. आणखी आत चपटी चुंबकाची पट्टी. ती बोटाला कळते, डोळ्याला दिसत नाही. अर्ध्या तासाने दार लागलं खरं, पण त्या कोपऱ्यात रबर कडक होऊन जे वाकलं होतं ते वाकलेलंच राहिलं.

अशा वेळी आई पोस्टकार्ड आणायची. कार्ड दारात धरायचं, दार लावायचं आणि कार्ड ओढायचं. ओढताना अडलं तर रबर ठणठणीत, सुळ्ळकन हातात आलं तर तिथून गार हवा पळतेय. मग चारी बाजूंनी तीच परीक्षा. आता पोस्टकार्डं घरात नसतात, लोक नोट लावतात. मी विजेचं बिल लावते. ज्याच्यामुळे वाढतं त्यानेच ते पकडून दाखवावं. दुसरी युक्ती रात्रीची: मोबाइलची बॅटरी लावून आत ठेवायची, स्वयंपाकघरातला दिवा घालवायचा आणि फटीतून उजेड कुठे सांडतोय ते बघायचं. ही करताना फोन आत आहे हे लक्षात ठेवावं लागतं, एवढंच.

सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला फ्रिजचं महत्त्व सांगायला नको. गोदरेजने विक्रोळीत देशी फ्रिज बनवून बाजारात आणला तो १९५८ मध्ये. आमच्या वाड्यात फ्रिज यायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागली, आणि आला तोही जुना, बदली होऊन निघालेल्या एका साहेबांकडून बाबांनी घेतलेला. तो स्वयंपाकघरात मावेना म्हणून बाहेरच्या खोलीत ठेवला असं आई सांगायची. पण मावला असता तरी तो बाहेरच्याच खोलीत राहिला असता. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. दाराला खटक्याचं जाडजूड हँडल आणि चक्क कुलूप-किल्ली. दुपारी चारनंतर वाड्यातली माणसं पातेली घेऊन बर्फाला यायची. ॲल्युमिनियमच्या ट्रेला एक दांडा असे, तो ओढला की खडे कडकड सुटत. ट्रे उघड्या हाताने धरला की बोटं चिकटायची, ती सोडवताना जी मजा यायची तिच्यापायी मी मुद्दाम ओल्या हाताने धरायची.

मेमधल्या दुपारी दार उघडून त्याच्यासमोर उभं राहायचं हा आमचा आवडता उद्योग. आतून आईचा आवाज यायचाच, "दार लाव आधी! लाइटबिल काय तुझा मामा भरणार आहे?" मामाचा काय संबंध ते तेव्हाही कळलं नाही. पण आईचं बरोबर होतं आणि ते तिला वाटत होतं त्याहून जास्त बरोबर होतं. फ्रिज गारवा तयार करत नाहीच. तो आतली उष्णता ओढतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, वर गॅस दाबून फिरवणाऱ्या काँप्रेसरची स्वतःची उष्णता आहेच. दार उघडं टाकून बसलं तर खोली एकूणात तापते. ती जाळी आमच्याकडे मात्र वाया जायची नाही. पावसाळ्यात तिच्यावर हातरुमाल आणि मोजे वाळायचे. थंडीत विरजणाचं भांडं स्टॅबिलायझरच्या डोक्यावर बसायचं आणि सकाळी दही असं लागलेलं असायचं की सुरीने कापावं.

त्या फ्रिजचं खरं दुखणं म्हणजे बर्फ. फ्रीझरभोवती तो वितभर चढायचा. गारवा कमी-जास्त करायच्या नॉबच्या, म्हणजे थर्मोस्टॅटच्या, मधोमध एक बटण असतं, ते रात्री दाबून ठेवायचं, सकाळपर्यंत सगळं वितळतं, खालच्या फडक्याने टिपून घ्यायचं. आमच्या काकांना एवढा धीर कुठला! त्यांनी एका रविवारी उलथनं घेतलं. मी शेजारीच उभी होते, आइस्क्रीमच्या आशेने. दोन खांडं निघाली, तिसऱ्याला फुस्स असा आवाज झाला आणि काका उलथनं हातात घेऊन तसेच गप्प राहिले. आतला पत्रा ॲल्युमिनियमचा, त्याच्याच पोटात गॅसच्या वाटा. तेव्हा तो गॅस आर-१२ असायचा. पुढे जगभरात कळलं की हवेत गेलेला हा गॅस वर जाऊन ओझोन खातो, १९८७ साली मॉन्ट्रियलला करार झाला आणि हळूहळू तो बंद पडला. ओझोनच्या भोकात सोलापूरच्या आमच्या काकांचाही वाटा आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. मग आर-१३४ए आला, तो ओझोनला बरा पण पृथ्वी तापवायला पटाईत. आताच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, आपल्या शेगडीच्या गॅसचा सख्खा भाऊ. असतो शंभर ग्रॅमच्याही आत, पण पेटतो. म्हणून नव्या फ्रिजला कुणी खिडक्या-दारं बंद करून पेटत्या टॉर्चने डाग द्यायला बसला तर मी त्याला चहा न देता घालवून देईन.

काकांच्या प्रतापानंतर मिस्त्री आले. सायकलच्या कॅरिअरला तांब्याच्या नळीचं वेटोळं, पिशवीत डाग देण्याचं सामान. गळती शोधायला त्यांनी आईकडे कपड्याचा साबण मागितला, फेस करून पत्र्यावर फासला आणि बुडबुड्याची वाट बघत बसले. मीही बसले. शाळेतल्या कुठल्याही प्रयोगात मी एवढ्या भक्तीने बसले नसेन. बुडबुडा आला तेव्हा आम्ही दोघांनी एकदम बोट दाखवलं.

पुढे ते आमच्याकडे येतच राहिले, आणि फ्रिजबद्दल मला जे काही कळतं ते त्यांच्याकडून. त्यांचा एक क्रम ठरलेला होता: स्वस्तापासून महागाकडे. आधी प्लग आणि वायर. मग दार आणि रबर. मग थर्मोस्टॅटच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडायच्या. फ्रिज सुरू झाला तर थर्मोस्टॅट गेला. त्यानंतर मागे जाऊन कान. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक काँप्रेसरच्या डोक्यावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. टक. घुर्र. टक. घुर्र करून सुरू व्हायला बघतो, होत नाही, तापतो आणि ओव्हरलोड, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा स्विच, त्याला तोडतो. थोड्या वेळाने पुन्हा टक. हे ऐकलं की घरातली माणसं हबकतात, काँप्रेसर बसला म्हणतात, नव्या फ्रिजचे भाव विचारायला लागतात. मिस्त्री शांतपणे काँप्रेसरच्या बाजूची झाकणी काढायचे, काँप्रेसर सुरू करून देणारा आगपेटीएवढा रिले ओढून काढायचे आणि कानाशी हलवायचे. आतून खुळखुळ ऐकू आली की आईला म्हणायचे, "वहिनी, काँप्रेसरला काही धाड भरली नाही. रिले फुटलाय." तेवढ्यात आल्याचा चहा व्हायचा.

मी अजूनही याच क्रमाने जाते आणि माझं ठाम मत आहे की निम्मे फ्रिज उगाच भंगारात जातात. दूध नासलं की लोक नॉब सातवर नेतात. सातवर नेल्याने साधा फ्रिज लवकर गार होत नाही. काँप्रेसर पळतो त्याच गतीने, फक्त थांबत नाही. खाली भाजीच्या ट्रेमध्ये पाणी साचलं की गॅस गळतोय म्हणतात. गॅसचं कुठे पाणी होतं का? मागच्या भिंतीत पाणी जायला करंगळीएवढं भोक असतं, त्यात मटाराचं साल बसलेलं असतं. कोमट पाणी आणि मऊ नळी, काम झालं. ते पाणी मागे काँप्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं आणि त्याच्या उष्णतेने उडून जातं. उडालं नाही तर त्यात डास अंडी घालतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं टॉर्च घेऊन येतात ती म्हणूनच फ्रिजच्या मागे वाकतात. आमच्याकडे त्या दिवशी फ्रिज पुढे ओढला की मागे सापडलेल्या वस्तूंची मिरवणूक निघते, पण ते वेगळंच प्रकरण आहे.

फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजची तऱ्हा निराळी. वर बर्फ कडक आणि खाली वरण आंबतंय, असं झालं की तिथे गॅसबिस गेलेला नसतो. फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड गारव्याची गुंडाळी असते, तिच्यावरचा बर्फ ठरावीक वेळाने हीटरने वितळवायचा असतो. हीटर, टायमर किंवा फ्यूज यातलं एक गेलं की आत बर्फाची भिंत उभी राहते, पंख्याची पाती तिला घासतात, आणि रात्री फ्रिज खर्रखर्र करायला लागतो. अगदी नव्या इन्व्हर्टरवाल्यांत तर टकही नाही. काँप्रेसर मंद चालत राहतो, कान लावून काही कळत नाही. येणारा तरुण मुलगा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजतो, फोनमध्ये बघतो आणि सांगतो, "बोर्ड गेलाय, काकू." बोर्डात काय गेलंय ते त्यालाही बघायचं नसतं. हुशार असतो तो, पण त्याच्यासाठी साबण आणून द्यावा असं काही उरलेलं नाही.

काढलेले भाग मी टाकत नाही. श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात रिले आहेत, ओव्हरलोड आहेत, एक थर्मोस्टॅट आपल्या लांब शेपटासकट आहे, बिजागरीच्या प्लॅस्टिकच्या चकत्या आहेत, आणि फ्रिजचा तो छोटा बल्ब आहे. नवरा विचारतो, हे कशाला? मला उत्तर येत नाही. लागतील कधी, म्हणते. खराब झालेले भाग कधी लागतात?

तर रबर. मॉडेल नंबरचं लेबल भाजीच्या ट्रेमागे, ते बसून, वाकून, मान वाकडी करून वाचलं. नवं रबर आलं ते वेटोळं होऊन, घड्यांच्या चुण्या पडलेलं. मिस्त्रींचा उपाय ठाऊक होता: उन्हात टाका. गॅलरीतल्या दोरीवर तासभर टाकल्यावर ते सैलावलं. जुनं ओढून काढलं, खाच पुसली, आधी चार कोपरे बसवले, मग मधला भाग अंगठ्याने दाबत गेले. बिजागरीच्या बाजूला फट राहत होती, तिथे हेअर ड्रायरची गरम हवा दिली. विजेचं बिल चारी बाजूंना अडलं.

ते बसवताना हाताशी सारखी ती चुंबकाची पट्टी येत होती. दाराला चुंबक असतो तो काही केवळ सोयीसाठी आलेला नाही. पूर्वी सगळ्याच फ्रिजना आमच्या सोलापूरच्या फ्रिजसारखा खटका असे, आणि खटका आतून उघडत नाही. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये मुलं खेळता खेळता शिरायची, दार लागायचं आणि ती गुदमरून मरायची. आवाजही बाहेर यायचा नाही, कारण दार चांगलं बसलेलं असायचं. इतकी मुलं गेली की १९५६ साली तिथे कायदा करावा लागला, दार आतून ढकलून उघडलंच पाहिजे असा. आमचा फ्रिज मेल्यावर बाबांनी त्याचं कपाट केलं होतं. त्यात पापड-कुरडया असायच्या. वाड्यात आम्ही रोज लपाछपी खेळायचो, आणि खटका शाबूत होता.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली कुणाचातरी तसलाच जुना, खटक्याचा फ्रिज आणून ठेवलाय, भंगारवाला येईपर्यंत. संध्याकाळी पोरं तिथेच खेळतात. हात धुवायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली गेले आणि बिजागऱ्या सोडवून दार भिंतीला उलटं टेकवून ठेवलं. मालक कळल्यावर वर आले. म्हणाले, "अहो ताई, दाराशिवाय तो मला दोनशे रुपये कमी देईल."

मी पर्स आणायला आत गेले.