वायझॅग, अराकू आणि आमचे रेल्वेवेडे अहो

वायझॅगला, म्हणजे आंध्रातल्या विशाखापट्टणमला, जायचं ते अहोंना रेल्वेसाठी आणि मला समुद्रासाठी. त्यामुळे ट्रिपचे सरळ दोन भाग पडले, डोंगर त्यांचा आणि किनारा माझा, आणि एकमेकांच्या भागात कुरकुर करायची नाही असं घरातच ठरवून घेतलं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली की असं आधीच बोलून घेतलेलं बरं.

आधी एक सांगून टाकते, कारण वायझॅगचा विषय निघाला की मी पहिलं हेच सांगते. अराकू, म्हणजे तिथून वर डोंगरातलं खोरं, एका दिवसात करू नका. तिकडे जिथे तिथे वन डे पॅकेजचे बोर्ड दिसतात, सकाळी ट्रेनने वर, मग बोरा गुहा, कॉफी, ट्रायबल म्युझियम, गार्डन, जमलं तर धबधबा, आणि रात्री परत हॉटेलवर. जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर, त्यातला निम्मा घाट. आम्हाला अशा बसमधली माणसं प्रत्येक ठिकाणी भेटत होती आणि बिचारी कायम घड्याळ बघत होती. आम्ही वर मुक्काम केला म्हणून अराकू दिसलं तरी.

तर ट्रेन. सकाळी सातच्या आत सुटते, किरंदुलला जाणारी. तिला २०१७ पासून विस्टाडोम डबा लागतो, काचेचं छत, मोठ्ठ्या खिडक्या, खुर्च्या गोल फिरतात. तिकीट लवकर संपतं, त्यामुळे तारीख ठरली की आधी हे काढा आणि मग हॉटेल वगैरे. पहिला तासभर सपाटीच असते, भाताची शेतं, ताडाची झाडं, शृंगवरपुकोटा गेलं की मग गाडी चढायला लागते आणि बोगदे सुरू होतात. सगळ्या मार्गावर मिळून ५८ बोगदे आहेत. प्रत्येक बोगद्यात पोरं किंचाळायची, चारपाच बोगदे झाल्यावर मोठी माणसंही किंचाळायला लागली, आणि त्यात आमच्या शेजारचे एक आजोबा सगळ्यात पुढे.

ही लाईन आपल्यासाठी बांधलेलीच नाही हे मला अहोंकडून कळलं. म्हणजे घरून निघाल्यापासून कळतच होतं, पण घाटात ते नीट डोक्यात शिरलं. छत्तीसगढच्या बस्तरमधल्या बैलाडिलाच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज खाली वायझॅग बंदरात आणायचं आणि तिथून जपानला पाठवायचं, त्यासाठी १९६० च्या दशकात जपानच्या मदतीने हा घाट फोडून रूळ टाकले. त्यामुळे इथली खरी मानाची गाडी म्हणजे मालगाडी. मध्येच एका छोट्या स्टेशनात आमची गाडी उभी राहिली ती हलेचना, लोक वैतागले, आणि मग वरून ती आली, एकामागोमाग एक जोडलेली इंजिनं आणि मागे वाघिणीच वाघिणी (मालाचे डबे हो), त्यांच्या कडांना तपकिरी लाल धूळ बसलेली. इतकं वजन उतारावर सांभाळत आणायचं म्हणून ती अगदी दमाने उतरत होती, ब्रेकचा असा कर्रकर्र आवाज की बोलणंच बंद. डब्यातली सगळी माणसं कंटाळून मोबाईलमध्ये आणि अहो दाराशी उभे, चेहऱ्यावर असा आनंद की आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही. मी अख्ख्या घाटात दऱ्या बघितल्या, त्यांनी डबे जोडणारी कपलिंग बघितली.

आम्ही बोरा गुहालू स्टेशनला उतरलो. गुहा तिथून जवळ आहे, जीपवाले उभे असतात. बोरा गुहा चुनखडीच्या आहेत आणि सुमारे ८० मीटर खोल जातात, पण आकड्यावरून काही कल्पना येत नाही. आपल्याकडे गुहा म्हणजे लेणी, माणसाने कोरलेली, सरळ भिंती, खांब, मूर्ती. इथे कोरणारा कोणीच नाही. पावसाचं पाणी दगडातून झिरपतं, जाताना चुना विरघळवून घेऊन जातं आणि छतातून थेंब टपकताना थोडा थोडा तिथेच ठेवून जातं, वरून एक सुळका खाली येतो, खालून एक वर, आणि कधीतरी दोघं भेटून खांब होतो. मी एका सुळक्याखाली थांबून बघत होते, टोकाशी थेंब जमतो, फुगतो, लटकतो, आणि पडतच नाही. मी कंटाळून मान खाली केली आणि तेव्हा पडला, बरोब्बर चष्म्यावर. रेलिंगच्या उंचीवरचे सगळे दगड मात्र हात लावून लावून काळे तुळतुळीत झालेत. हात लावू नका असं सांगत असतात, आणि सांगत असतानाच लोक लावत असतात. आणि ते गुलाबी-हिरवे दिवे! एवढ्या सुंदर दगडाला लग्नाच्या हॉलची लायटिंग कोणी सुचवली देव जाणे, साधा पिवळा प्रकाश असलेले कोपरे सगळ्यात छान दिसतात.

आत वरच्या बाजूला शिवलिंग आहे, चढायला तीव्र पायऱ्या. कथा अशी सांगतात की एक गाय छताच्या भोकातून आत पडली, गुराखी तिला शोधत आला आणि त्याला गाय सुखरूप आणि शेजारी हे लिंग दिसलं. गोस्थनी नदी इथल्याच डोंगरात उगम पावते आणि गुहेतून वाहते. आणि गंमत म्हणजे ह्याच गुहेच्या डोक्यावरून रेल्वे जाते! हे कळल्यावर अहो पुन्हा वर बघत उभे. मी म्हटलं, "अहो, चला, आतून काही ट्रेन दिसणार नाही." तर म्हणे, "अगं, आवाज तर येईल." नाही आला.

बाहेर बांबू चिकनवाले बसलेले असतात. मसाला लावलेलं चिकन हिरव्या बांबूच्या पेरात ठासून भरतात, तोंडाला पानांचा बोळा आणि सरळ निखाऱ्यावर. तेल अजिबात नाही. बांबू बाहेरून काळा होतो, फिरवत राहतात, मग तोंडातला बोळा काढून पानावर ओततात, जो रस सुटलेला असतो तो चिकनपेक्षा भारी. तिखट सांभाळून. मी तिखट खाणारी आहे तरी नाकातून पाणी.

अराकू गावात तसं काही नाही, म्हणजे छोटं बाजाराचं गाव, पण त्याच्या भोवतीचा परिसर! आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो होतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगरापर्यंत पिवळीधमक शेतं. सगळे गाड्या थांबवून फोटो काढत होते, मला वाटलं मोहरी असेल, उतरून जवळ गेले तर आपलं कारळं! ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तेच. इकडे इन्स्टावाल्यांची त्याच्यासाठी झुंबड, शेतकरी काठावर बसून फोटोचे पैसे घेतात, आणि का घेऊ नयेत, लोक पीक तुडवत आत जातात. कारळं शेतात असं डोंगरभर फुललेलं मी पहिल्यांदाच बघितलं. अहोंना म्हटलं घरी गेल्यावर चटणी करते, तर ते म्हणाले आधी सिमिलिगुडा बघू.

सिमिलिगुडा म्हणजे बोरा आणि अराकूच्या मधलं स्टेशन, ९९७ मीटर उंचीवर, काश्मीरमधली लाईन होण्याआधी ब्रॉडगेजवरचं देशातलं सगळ्यात उंच स्टेशन म्हणून ह्याचं नाव घ्यायचे. आम्ही बोराला उतरल्यामुळे ते राहिलं होतं. मग खास गाडी वळवून गेलो. एक फलाट, एक पिवळा बोर्ड, एक झोपलेलं कुत्रं. बोर्डाबरोबर अहोंचे फोटो मी काढले, वेगवेगळ्या अँगलने, तोंडातून अवाक्षर न काढता. ठरलेलं होतं ना.

कॉफीचं मात्र दोघांनाही आवडलं. अराकूची अरेबिका, २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, आदिवासी शेतकरी पिकवतात. मळे म्हणून काही वेगळं दिसतच नाही, जंगलच वाटतं, उंच सिल्व्हर ओक, त्याच्या खोडावर मिरीचे वेल चढवलेले आणि खाली सावलीत कॉफीची झुडपं. एकाच जागेत तीन मजले. फळं लाल झाली होती, एक बाई कमरेला पिशवी बांधून फक्त लाल लाल तेवढी खुडत होत्या, हिरव्याला हात नाही, म्हणजे त्याच झाडाशी पुन्हा पुन्हा यायचं. तिने खुणेनेच एक फळ दाबून दाखवलं, आतून दोन बिया चिकट बुळबुळीत, चाटून बघितलं तर गोड. कॉफीचं फळ गोड असतं हे मला माहीतच नव्हतं! संध्याकाळी मुक्कामी धिंसा नाच झाला, बायका एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफून साखळी करतात आणि एका तालात पुढेमागे पावलं. बघायला सोपं वाटतं. मी गेले साखळीत, आणि माझ्या दोन्ही बाजूच्या बायकांनी मला अक्षरशः उचलून नाचवलं.

उतरताना रोडने आलो, अनंतगिरीचा घाट, गालिकोंडा व्ह्यूपॉइंट, धुकं होतं त्यामुळे व्ह्यू म्हणजे पांढरं.

आता माझा भाग. आपण पश्चिम किनाऱ्याची माणसं, समुद्र म्हणजे सूर्यास्त हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की आर के बीचवर पहिल्या संध्याकाळी मी चक्क समुद्राकडे तोंड करून सूर्य शोधत बसले. तो मागे इमारतींच्या आड केव्हाच गेलेला. इथे पहाटे उठायचं. बीच रोडवर पहाटे गाड्या बंद असतात आणि सगळं गाव चालायला, पळायला, योगा करायला रस्त्यावर, आणि समोर पाण्यातून सूर्य वर येतो. अहोसुद्धा गप्प बसले होते. पाण्यात मात्र पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नका, किनारा लगेच खोल होतो आणि ओढ आहे, पोलीस शिट्ट्या मारत असतात ते उगाच नाही. संध्याकाळी त्याच रस्त्यावर मुरी मिक्स्चर, म्हणजे कुरमुऱ्यांची भेळ, आणि मिरचीची भजी. सकाळी पेसरट्टू खा, हिरव्या मुगाचा डोसा, आत उपमा, बरोबर आल्याची आंबटगोड चटणी. डोशात उपमा हे ऐकायला विचित्र वाटतं पण दुपारपर्यंत भूक लागत नाही.

किनाऱ्यावरच कुरसुरा पाणबुडी वाळूवर आणून ठेवलीय. रशियन बनावटीची, १९६९ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात होती, २००१ ला निवृत्त आणि २००२ पासून म्युझियम. नव्वद मीटरच्या वर लांबी, बाहेरून केवढी वाटते, आणि आत शिरलं की श्वास अडकतो. एका खोलीतून दुसरीत जायला गोल भोक, आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेले आपण. झोपायच्या फळ्या टॉर्पेडोंच्या शेजारी. सत्तर-पंचाहत्तर माणसं आठवडेच्या आठवडे ह्यात राहायची. माहिती सांगणारे काका स्वतः निवृत्त नौसैनिक, ते म्हणाले पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, अंघोळ वगैरे विसरा. स्वयंपाकघर म्हणजे आमच्या घरच्या बाल्कनीपेक्षा लहान, मी तिथेच रेंगाळले, एवढ्यात पंच्याहत्तर जणांचं जेवण कसं करत असतील याचा हिशोबच लागेना. सोमवारी बंद असतं, आणि उघडायची वेळ तेवढी बघून जा. समोरच्या बाजूला नौदलाचं जुनं टीयू-१४२ विमान आहे, तेही आतून बघता येतं. कैलासगिरीचा रोपवे करा, वरून किनारा सुरेख दिसतो, बाकी वर गर्दी आणि खेळणी.

सिंहाचलम् मात्र चुकवू नका. टेकडीवरचं वराह लक्ष्मी नरसिंहाचं देऊळ, मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाने पूर्ण झाकलेली, इतकी की बघताना पिंडच वाटते. देवाचं मूळ रूप दिसतं ते फक्त अक्षय्य तृतीयेला. आम्ही काही अक्षय्य तृतीयेला नव्हतो, पण त्या चंदनाचा वास गाभाऱ्याबाहेरपर्यंत येतो तो अजून नाकात आहे.

आणि मग भिमिलीचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या भीमुनिपट्टणमचा, रस्ता. समुद्राला चिकटून जातो, आणि मला विचाराल तर अख्ख्या वायझॅगमध्ये हे सगळ्यात सुंदर. ऋषिकोंडा बीचला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं होतं, स्वच्छ आहे, पण रविवार होता, पुढे निघालो. तोटलकोंडाला टेकडीवर बौद्ध विहाराचे अवशेष आहेत, नौदलाच्या सर्व्हेत सापडले आणि १९८८ पासून उत्खनन झालं. विटांचे पाये, स्तूप, दगडात खोदलेली पाण्याची टाकी, आणि समोर निळंशार पाणी, भिक्खूंनी जागा काय निवडलीय! तिथून पुढे एर्रा मट्टी दिब्बलू, म्हणजे लाल वाळूच्या टेकड्या. कोकणातला जांभा डोळ्यांपुढे आणू नका, हा दगड नाहीच. समुद्राची पातळी खाली होती तेव्हा वाऱ्याने उडवून आणलेली वाळू, त्यातल्या लोहाला गंज चढून लाल झालेली, आणि पावसाने तिच्यात चर पाडलेत, दोन पुरुष उंचीचे. अशा टेकड्या तमिळनाडूत आणि श्रीलंकेतही आहेत. भिंतीला बोट लावलं तर भुरुभुरु वाळू गळते, आणि त्याच भिंतीवर लोकांनी बदाम काढून नावं कोरलीत. एका पावसात जातात म्हणे. जाऊ देत.

भिमिलीत डच लोकांची जुनी दफनभूमी आहे, बंद गेटच्या फटीतून बघितली, आणि तिथेच नदी समुद्राला मिळते, ती गोस्थनी. बोराच्या गुहेतली तीच. हे मी अहोंना सांगितलं, पहिल्यांदाच त्यांना माहीत नसलेलं काहीतरी, तर त्यांनी लगेच मोबाईल काढून तिथून इथपर्यंत नदी आणि रेल्वे कुठे कुठे एकमेकांना ओलांडतात ते शोधायला घेतलं.

आईबाबांना घेऊन जाऊ का असं बहिणीने विचारलंय म्हणून इथेच लिहिते. ट्रेन आणि सिंहाचलम् आरामात होईल. बोरात अर्ध्यापर्यंत उतरून बसायला सांगा, पायऱ्या ओल्या असतात. पाणबुडी गुडघेदुखीवाल्यांनी बाहेरूनच बघावी. आणि भिमिलीला संध्याकाळी नका जाऊ, परत येताना ट्रॅफिकमध्ये दीड तास जातो, सकाळी जा आणि मासे खाऊन या.