तुम्ही विचारलंत म्हणून: काळोखात गरी कुठे टाकायची?

"रात्रीचे धरणावर गरवायला जाता, तिथं स्वतःचा हात तरी दिसतो का? गरी कुठं पडली ते कळतं कसं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे, तोंडाचा आ वासलेला असताना विचारला गेलाय. उत्तराला लांबड लागते, म्हणून मी आजवर "सवय हो" एवढं म्हणून सुटत आलो. आज नीट सांगतो.

आधी भाच्याचा गैरसमज दूर करू. तो मोबाईलवर अमेरिकेतले बासचे व्हिडिओ बघतो आणि मला म्हणतो, "मामा, साळावलीत बास मिळेल ना?" आमच्या गोव्यातल्या त्या धरणात नाही मिळणार. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेचा मासा. तिकडे मोठमोठ्या धरणांवर उन्हाळ्यात लोक मुद्दाम रात्री निघतात, कारण दिवसा वरचं पाणी तापतं, होड्यांची गडबड असते, आणि अंधार पडला की मासा काठाकडे उथळात येतो. जपानने हा मासा १९२५ मध्ये हौसेने आणला आणि आता स्थानिक माशांपायी डोक्याला हात लावून बसलाय. २००९ मध्ये तिथल्या बिवा तलावात दहा किलोंचा बास लागला, १९३२ च्या अमेरिकेतल्या विक्रमाशी बरोबरी झाली, आणि मासा मुळात तिथला नव्हेच! तेव्हा भाच्याला मी सांगून ठेवलंय, कुठून बोटुकली मिळाली तरी आपल्या पाण्यात सोडायची नाहीत. आणि चोणकाला हॉटेलवाले 'एशियन सी-बास' म्हणतात म्हणून तो तरी धरणात असेल, असंही नाही. चोणकाला पिल्लं घालायला खारं पाणी लागतं. धरणाची सुमारे ४३ मीटरची भिंत चढून तो काय येणार?

पण त्या व्हिडिओंतल्या दोन गोष्टी मला पटल्या. एक म्हणजे ते लोक रात्री काळं आमिष वापरतात. ऐकायला खुळचट वाटतं, पण मासा खालून वर बघतो आणि रात्रीचं आभाळसुद्धा पाण्यापेक्षा उजळ असतं, त्यामुळे काळी सावली त्याला चांगली दिसते. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या रेषेतून त्याला पाण्याची थरथर कळते. दुसरी गोष्ट म्हणजे बुडालेले रस्ते आणि घरांचे चौथरे. सपाट गाळात मासा थांबत नाही, आडोशाला थांबतो. तो आडोसा शोधायला ते लोक होडीवर महागडी यंत्रं लावतात.

माझ्याकडे बाबा होते.

मी वाडे वसाहतीत वाढलो, म्हणजे धरणामुळे उठलेल्यांच्या वसाहतीत. बाबा कुर्डीचे. गायिका मोगूबाई कुर्डीकरांची कुर्डी, तीच. साळावली धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की चौथरे, वाटा, झाडांचे खुंट वर येतात आणि गावकरी सोमेश्वराकडे जमतात. जूनमध्ये पाऊस लागला की पुन्हा सगळं पाण्यात. पण त्याच्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये, असे काही आठवडे असतात की गाव दिसत नाही, पण फार खोलही नसतं. पुरुषभर, दोन पुरुष पाणी. आमचा हंगाम तो.

आम्ही काठावरूनच टाकायचो. भिंतीकडे आणि त्या फुलासारख्या गोल सांडव्याकडे कधी फिरकलो नाही. तिथं आपलं काही काम नाही. शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून केलेला गोळा रोहू-मृगळासाठी, गांडूळ वामसाठी. वाम रात्रीच बाहेर पडते, आणि दगडांच्या फटी तिला फार आवडतात. दोऱ्याला बांधलेला तरंग अंधारात दिसत नाही, म्हणून दोरा तर्जनीवरून घ्यायचा आणि बोट हलवायचं नाही. रोहू आधी नुसता हुंगल्यासारखा टकटक करतो, मग दोरा एकदम सैल पडतो. तो सैलपणा कळला पाहिजे. ओढ येईपर्यंत थांबलात तर गोळा गेलेला असतो. वाम मात्र ओढते आणि फटीत जाऊन बसते, मग तुम्ही तिची वाट बघत बसा. बॅटरी पाण्यावर मारली की बाबा खवळायचे.

आणि कुठं टाकायचं ते बाबा सांगायचे. समोर डोंगराची काळी रेघ, तिच्यातली एक खाच, तिच्यावरून ते हिशेब लावत. "आता पाणंदीवर आहेस. थोडं डावीकडे, तिथं विहिरीचा कठडा. पुढं नको, पुढं शेत, तिथं काय मिळायचं नाही." मला समोर डांबरासारखं पाणी दिसायचं. ते अख्ख्या गावातून चालत असायचे, मध्येच थांबून कोणाच्या तरी नारळाची चौकशी केल्यासारखे.

एका रात्री त्यांनी सांगितलं त्याच्यापेक्षा मी जरा लांब टाकली. तरणा होतो, हाताची ताकद दाखवायची होती. गरी अडकली. ढिल दिली, कडेने चालत जाऊन उलटं ओढलं, दोरा बोटात रुतला आणि तुटला. नवीन गरी, शिसं, सगळं गेलं. बाबा काही बोलले नाहीत, विडी पेटवली.

मे महिन्यात आम्ही सगळे कुर्डीला गेलो. भेगाळलेल्या चिखलातून बाबा सरळ एका नारळाच्या खुंटापाशी जाऊन उभे राहिले. त्याच्या बुंध्यात माझी गरी रुतलेली होती, गंजून लाल झालेली, खाली हातभर दोरा लोंबत होता. बाबांनी पायानेच चिऱ्याच्या एका रांगेकडे दाखवलं, विहीर तिथं होती.

"बघ," ते म्हणाले, "दोन वाव अलीकडे टाकायला सांगितलं होतं की नाही?"