आधी दुधाची वही मागा

जनावरांच्या साथींचा तपास शिकवणाऱ्या आमच्या प्रशिक्षणाला जिल्ह्याजिल्ह्यांतून पशुधन विकास अधिकारी येतात. मुंबईत अजून म्हशी आहेत, हेच त्यातल्या बऱ्याच जणांना गोरेगावच्या आरे दूध वसाहतीत पाय ठेवेपर्यंत खरं वाटत नाही. साथीचा तपास शिकायला मात्र यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. तबेल्यातली म्हैस बहुतेक वेळा बाहेरून विकत आलेली असते. आटली की जाते, तिच्या दाव्याला दुसरी येते. रोगाला अजून काय हवं?

आम्हाला कॉलेजात उपचार उत्तम शिकवले. पण साथीत आजारी जनावराइतकंच शेजारचं धडधाकट जनावर बघावं लागतं, आणि त्याची डॉक्टरला सवय नसते. तरुण डॉक्टर तबेल्यात शिरला की थेट लाळ गाळणाऱ्या म्हशीकडे. मालकही हाताला धरून तिकडेच नेतो म्हणा! मी म्हणते, थांब, आधी सगळ्यात जुना फोड शोध.

लाळ्या खुरकुतीत, म्हणजे तोंडात आणि खुरांत फोड आणणाऱ्या विषाणूच्या रोगात, फोडाचं वय काढता येतं. जीभ धरून बाहेर ओढायची, टॉर्च मारायचा. न फुटलेला, टरारलेला फोड एक-दोन दिवसांचा. फुटून आत लालभडक आणि कडा तीक्ष्ण असतील तर तिसऱ्या दिवसाच्या आसपासचा. कडा बोथटल्या, वर पिवळट थर धरला की चौथा दिवस उलटला. आठवड्यानंतर व्रण भरत येतो, मग सगळं अंदाजपंचे. सर्वात जुन्या फोडाचा दिवस धरायचा आणि तिथून आणखी दोन ते चौदा दिवस मागे जायचं. विषाणू आत शिरला तो साधारण या मुदतीत. आता विचारा, त्या दिवसांत दारातून काय काय आलं? नवी म्हैस, चाऱ्याचा टेम्पो, व्यापारी, आणि हो, डॉक्टरही. हे सांगितलं की सगळे आपापल्या गमबुटांकडे बघतात. म्हणून दाराशी धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के द्रावण असतं; जातानाही पाय बुडवायचे आणि येतानाही.

तारीख मात्र सरळ कुणी सांगत नाही. "सब ठीक था मॅडम, कल से ही हुआ," हे मालकाचं ठरलेलं उत्तर. दूध घेणारे पाठ फिरवतील ही धास्ती असते, त्यात त्याचं काय चुकलं? त्याच्याशी हुज्जत घालू नये, दुधाची वही मागावी. तापाने दूध घसरतं, पुष्कळदा तोंडातला फोड कुणाच्या नजरेस पडायच्या आधीच. आणि लिटरचा हिशेब चुकवणं तबेल्यात कुणालाच परवडत नाही. वहीतला घसरलेला आकडा आणि फोडाचं वय एकाच दिवसावर येऊन भिडलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. नवी म्हैस कधी आली ते गड्याला सणावरून विचारायचं. विसर्जनाच्या आधी की नंतर? उत्तरेकडचा असेल तर छठच्या आधी की नंतर? लगेच आठवतं.

यावरून माझं एका सहकाऱ्याशी कायम वाजतं. त्याला नकाशे आणि सॉफ्टवेअरचे तास वाढवून हवे आहेत. नकाशा हवाच, पण त्यात भरायची तारीखच चुकीची असेल तर तो नुसता रंगीत. बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाचं उदाहरण मी दर वेळी देते (तो कंटाळलाय). भारतातली तिची शेवटची साथ १९९५ सालची. पण रोग खरंच गेला हे दाखवायला पुढे कित्येक वर्षं गावोगाव फिरून जनावरं बघावी लागली, माणसांना विचारावं लागलं. २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला, २०११ मध्ये जग.

पुढच्या बॅचला पहिला दिवस तबेल्यात, पहाटेच्या धारेपासून, आणि लॅपटॉप तिसऱ्या दिवशी उघडायचे, असं मी लिहून दिलंय. सहकारी म्हणतो, पहाटे चारला गोरेगावात येणार कोण? गवळी येतोच की.