मॅडम, किती महिन्यांनी चालेल?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीनंतर, दारू कधीपासून चालेल? मी पुण्यात बॅरिॲट्रिक टीममध्ये डाएटिशियन आहे त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो, आणि जवळजवळ कधीच सरळ येत नाही. प्रोटीन पावडर कुठली, केस गळतायत, पाणी जात नाही, सगळं विचारून होतं, फाईल उचलून दारापर्यंत जातात आणि मग वळून, "मॅडम, ते आपलं... कधीतरी थोडी चालते ना?" किंवा रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज, भावाची हळद आहे, सगळे मागे लागलेत, काय करू. बायकाही विचारतात आणि विचारताना आवाज बारीक करतात. नका करू बारीक, बिनधास्त विचारा. न विचारता घेण्यापेक्षा विचारलेलं केव्हाही बरं.

बहुतेक टीम सहा महिने ते एक वर्ष अजिबात नाही असं सांगतात, मी वर्ष सांगते. पण एवढंच सांगून मी तुम्हाला सोडणार नाही, कारण "किती महिने" विचारताना बहुतेकांच्या मनात असतं की टाके भरले, सूज उतरली, पोट सेट झालं की सगळं पूर्वीसारखं. जेवणाच्या बाबतीत थोडंफार तसं होतंही, आधी पाणी मग पातळ मग मऊ मग नेहमीचं. दारूच्या बाबतीत तसं होत नाही. शरीर दारूला ज्या पद्धतीने घेतं तेच ऑपरेशनने बदललेलं असतं आणि ते परत जागेवर येत नाही, उलट पुढे जाऊन जास्त जाणवतं.

कसं ते सांगते. जठर हे धरणासारखं काम करतं, आलेलं सगळं अडवून धरतं आणि खालच्या दरवाज्यातून थोडं थोडं आतड्यात सोडतं. दारू रक्तात मुख्यतः लहान आतड्यातून जाते, म्हणजे ती जठरात जितका वेळ अडकेल तितकी हळू चढणार. शिवाय जठराच्या अस्तरात एक एन्झाइम असतं ते थोडी दारू तिथेच मोडतं (बायकांमध्ये ते मुळातच कमी असतं). आता या ऑपरेशनचे दोन मुख्य प्रकार, बायपास आणि स्लीव्ह. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा वरचा एवढासा भाग वापरात राहतो, साधारण 30 मिली, म्हणजे अख्खा पाउच एका स्मॉल पेगएवढा, आणि तो थेट लहान आतड्याला जोडलेला, मधला दरवाजाच नाही. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्तच काढून टाकतात, दरवाजा राहतो पण रिकामं होणं खूप फास्ट होतं. त्यात वजन उतरलेलं, म्हणजे दारू ज्यात पसरायची ते शरीरच लहान झालेलं. सगळं मिळून दारू पटकन चढते, जास्त चढते, उतरायलाही जास्त वेळ लागतो.

आकडे सांगते कारण आकडे ऐकल्यावर चेहरे बदलतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या टीमचा 2011 चा अभ्यास आहे. बायपास होणाऱ्या 19 जणांना ऑपरेशनच्या आधी, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी दर वेळी तेवढीच रेड वाईन दिली, साधारण 150 मिली, आणि श्वासावरून अल्कोहोल मोजलं. ऑपरेशनआधी सर्वात वरचा आकडा सरासरी 0.024 टक्के, तीन महिन्यांनी 0.059, सहा महिन्यांनी 0.088. पूर्ण उतरायला आधी 49 मिनिटं लागत होती, तीन महिन्यांनी 61 आणि सहा महिन्यांनी 88. बघा, तीनपेक्षा सहा महिन्यांचा आकडा मोठा आहे, म्हणजे जखम भरत गेली तसा फरक कमी होत गेला असं अजिबात झालेलं नाही. आणि आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. तोच एक ग्लास, ऑपरेशनआधी मर्यादेच्या आत, सहा महिन्यांनी मर्यादेच्या जवळपास तिप्पट! नाशिककडचे पेशंट मला प्रेमाने सांगतात की मॅडम वाईन तर हेल्दी असते आमच्याकडची, तर हा अभ्यास वाईनचाच आहे.

"माझी तर स्लीव्ह आहे, बायपास नाही." हे पण खूप येतं कारण आपल्याकडे स्लीव्हच जास्त होते. सुरुवातीच्या काही अभ्यासांत स्लीव्हनंतर फारसा फरक दिसला नव्हता हे खरं आहे, पण ते श्वासावर मोजलेले होते. नंतर 2018 च्या एका अभ्यासात रक्ताचे नमुने थोड्या थोड्या मिनिटांनी घेऊन बघितलं तेव्हा स्लीव्हवाल्यांचा आकडाही बायपाससारखाच वर गेलेला दिसला, दोन ड्रिंक घेतली तर ऑपरेशन न झालेल्या बाईने चार घेतल्यासारखा. तो टोकाचा आकडा इतक्या लवकर येऊन जातो की श्वासाच्या मशीनला सापडतच नव्हता. त्यामुळे स्लीव्ह असेल तरी माझं म्हणणं तेच राहतं.

आता खरी काळजी सांगते. पहिल्या वर्षात बहुतेक लोक नीट असतात, भीती असते, वजनकाटा दर आठवड्याला खाली जात असतो, शेजारीपाजारी वा वा करतात, आम्ही सारखे फोन करतो. दुसऱ्या वर्षात वजन एका जागी थांबतं, कौतुक संपतं, फॉलोअपला येणं सुटतं, आणि पूर्वी टेन्शन आलं की मिसळ, वडापाव, अर्धा किलो मटण हा जो आधार होता तो आता पोटात मावत नाही. दारू मात्र मावते. पातळ आहे, सरळ खाली जाते, दोन मिनिटांत हलकं वाटतं. अमेरिकेत 10 हॉस्पिटलांमधल्या जवळपास दोन हजार पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, 2012 मध्ये आला, त्यात दारूचा त्रास असणाऱ्यांचं प्रमाण ऑपरेशनआधीच्या वर्षात 7.6 टक्के, पहिल्या वर्षात 7.3, आणि दुसऱ्या वर्षात 9.6. त्याच लोकांना पुढे बघत राहिले तेव्हा बायपास झालेल्यांपैकी, ज्यांना आधी असा काही त्रास नव्हता त्यांच्यातही, पाच वर्षांत साधारण पाचात एकाला दारूच्या व्यसनाची लक्षणं दिसली होती. पाचात एक! हे मी घाबरवायला सांगत नाही, ऑपरेशनने डायबेटिस सुटलेले, झोपेत श्वास अडकतो म्हणून लावायचं मशीन सुटलेलं, जिने चढून घरी जाणारे लोक मी रोज बघते आणि मी आजही हे ऑपरेशन चांगलंच आहे म्हणेन, पण ही एक गोष्ट ऑपरेशनआधीच्या मीटिंगमध्ये घाईत उरकली जाते आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लोक म्हणतात, जेवणाचं व्यसन गेलं आणि दारूचं लागलं, मनच कमकुवत. मला हे पटत नाही. जी गोष्ट झटकन आणि जोरात चढते तिची ओढ मेंदूला जास्त लागते, हे कुठल्याही नशेच्या बाबतीत खरं आहे, आणि इथे ऑपरेशनमुळे दारू नेमकी तशी झालेली असते. उंदरांवरच्या काही प्रयोगांतही बायपास केलेले उंदीर जास्त दारू प्यायला लागले, आणि उंदरांना ना ऑफिसचं टेन्शन ना मित्रांचा आग्रह. म्हणून घरच्यांना माझी हात जोडून विनंती, यात चारित्र्य आणू नका. माणूस लपवायला लागला की आमच्यापर्यंत येतच नाही.

घरच्यांसाठी अजून एक, आणि हे प्लीज नीट वाचा. ऑपरेशन झालेला माणूस झोकांड्या खातोय, दोन दोन दिसतंय म्हणतोय, असंबद्ध बोलतोय, तर "पिऊन आलाय, झोपू दे" असं म्हणून सोडू नका. व्हिटॅमिन बी-वनचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो, खाणं कमी, उलट्या, गोळ्या चुकवलेल्या आणि त्यात दारू, असं जमून आलं की मेंदूवर परिणाम होतो आणि तो दिसायला हुबेहूब प्यायल्यासारखा दिसतो. वेळेत बी-वनचं इंजेक्शन मिळालं तर माणूस सुधारतो, उशीर झाला तर आठवण कायमची जाऊ शकते. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगायचं की याची वजनाची सर्जरी झालेली आहे, कारण ग्लुकोज लावायच्या आधी बी-वन जायला हवं. दुसरी शक्यता साखर उतरण्याची. बायपासनंतर काहींची साखर जेवणानंतर एक ते तीन तासांत धाडकन खाली येते, घाम, थरथर, गोंधळ, आणि लिव्हर दारू मोडण्यात गुंतलं असेल तर ते नवीन साखर नीट बनवू शकत नाही. घरात ग्लुकोमीटर असेल तर लगेच बोट टोचून बघा.

बाकीचं पटकन सांगते. बायपासच्या जोडावर अल्सर होतो त्याला दारू, सिगारेट आणि पेनकिलर ही मोठी कारणं आहेत, संडास डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दाखवा. बिअर आणि सोडा गॅसमुळे सुरुवातीला सहनच होत नाहीत. कोल्ड्रिंकमध्ये मिसळून घेतली तर साखरेने डम्पिंग होतं, छाती धडधडते, पोटात कळ येते, आडवं व्हावंसं वाटतं. आणि कॅलरी, 60 मिली व्हिस्कीच्या साधारण 140, त्यात प्रोटीन शून्य. जिथे सुरुवातीला दिवसभराचं खाणंच सातशे-आठशे कॅलरीत बसवायचं असतं आणि त्यात 60 ग्रॅम प्रोटीन घालायला आपण धडपडतो तिथे ही 140 कुठून आणायची? चखण्याचं तर मी धरलंच नाही, फरसाण कुरकुरीत असल्याने सहज खाली जातं आणि वजन परत चढायला लागलेल्या पेशंटच्या डायरीत मला पेग आणि फरसाण जोडीनेच सापडतात.

मग वर्षानंतर? काही जणांना मी कधीच नको म्हणते. जे आधी रोज घेत होते, ज्यांच्या घरात दारूने कोणी गेलंय, ज्यांच्या लिव्हरवर आधीच जखमेचे डाग आहेत (लठ्ठपणात फॅटी लिव्हर खूप असतं), जे झोपेच्या गोळ्या घेतात, आणि ज्या मुली आता बाळाचा विचार करतायत. बाकीच्यांना, रिपोर्ट चांगले असतील, गोळ्या नियमित असतील आणि आमच्याशी बोलून ठरवलं असेल तर, कधीतरी एक 30 मिली, पाण्यात, घरात, माणसं सोबत असताना, आधी खाऊन मग मध्ये अर्धा तास जाऊ देऊन, तासभर पुरवत. तिथेच थांबायचं. आणि गाडीची किल्ली त्या दिवशी दुसऱ्याकडे, एक घेतली असली तरी, कारण पहिल्या अर्ध्या तासात तुमच्या रक्तात काय चाललंय याचा तुमचा जुना अंदाज आता उपयोगाचा नाही.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर किती घेता ते आम्हाला खरं सांगा. शेजारी बायको किंवा वडील बसलेले असतात म्हणून "ऑकेजनली" असं उत्तर येतं, मी ओळखते, म्हणून मी घरच्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगते. खरं सांगितलंत म्हणून ऑपरेशन रद्द होतं असं नाही, तयारी वेगळी होते. रोज घेणाऱ्यांनी ऑपरेशनच्या तोंडावर मनानेच एकदम बंदही करू नका, त्यात फिट येऊ शकते, डॉक्टरांच्या देखरेखीत बंद करायची.

आग्रहाचं काय करायचं तेही सांगते. गटारी, थर्टी फर्स्ट, हळद, आणि सगळ्यात अवघड म्हणजे "चाळीस किलो उतरवलंस, पार्टी दे!" तिथे आरोग्यावर भाषण देऊ नका, कोणी ऐकत नाही. "गोळ्या चालू आहेत, डॉक्टरने बंद केलीय" एवढंच, आणि हातात ग्लास भरलेला ठेवा, ताक, सोलकढी, बिनसाखरेचं लिंबूपाणी. रिकामा हात दिसला की लोक ओततात. जवळचा एक मित्र आधीच विश्वासात घ्या, तो बाकीच्यांना सांभाळतो.

आणि एकावर थांबणं जमेनासं झालंय, वाट बघायला लागलाय, बाटलीची जागा बदलायला लागलाय असं स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या, बायकोच्या बाबतीत दिसलं तर थांबू नका. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतंय, एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग मराठीत होतात, सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाईन 14446 आहे, फुकट आहे. तिथे गेल्यावर पण सर्जरीचं सांगा. आणि आमच्याकडे या, शेवटचा फॉलोअप होऊन दोन वर्षं झाली असली, वजन परत वाढलं असलं आणि ओरडा बसेल असं वाटत असलं तरी या. काट्यावर उभं करायच्या आधी मी तुमच्याशी बोलेन.