लांबी (पुट्टी) भरून रंगवून का टाकत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेच्या, जुन्या लाकडी डब्याचं काम महिनोन्महिने चाललेलं दिसलं की हमखास विचारतात, "बाहेरून तर बरा दिसतोय. लांबी भरा, रंग मारा. उघडता कशाला?"

कारण डबा कुजतो तो आतून. खिडकीची काच खाली सरकवली की भिंतीच्या पोकळीत जाते आणि तिच्यावरून ओघळणारं पाणीही तिथेच उतरतं. ते बाहेर पडायला तळाशी भोकं असतात. धूळ आणि रंगाचे पापुद्रे साचून ती बुजली की पाणी खालच्या सागवानी वाशावर बसून राहतं. भिंतीच्या प्रत्येक खांबाचं कुसू, म्हणजे बारीक केलेलं टोक, याच वाशाच्या खाचेत बसवलेलं असतं. आडवं कापलेलं लाकूड पाणी सर्वांत जास्त पितं, म्हणून पहिली कुज तिथे. बाहेरच्या फळीवर मात्र बरीच वर्षं काहीच दिसत नाही.

त्यात नॅरोगेजचा सगळा हिशेब वजनाचा. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी दर आसाला ५ टनांची मर्यादा ठेवली होती. अशा हिशेबात बसणाऱ्या डब्याचे खांब बारीकच असतात. ५० मिलिमीटरच्या खांबातलं १५ मिलिमीटर कुजलं तर भार पेलायला उरतं किती?

एका डब्याचं सांगतो, कारण तो निर्णय माझाही होता. सहा खांबांचे पाय कुजले होते. पटाशीने खरवडले, इपॉक्सीची लांबी भरली, घासून प्रायमर आणि रंग दिला. पावसाळा तोंडावर होता, पैसे संपले होते. हे खरं आहे, पण म्हणून ते काम बरोबर ठरत नाही. सागाला अंगचं तेल असतं. चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसलं नाही तर इपॉक्सी त्याला धरत नाही. आम्ही पुसलं नव्हतं. शिवाय लांबी ओघळून खालची भोकं बुजली, तीही कुणी पाहिली नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, काढायला डबा जॅकवर घेतला, तेव्हा दोन दरवाजे चौकटीत अडकले. फळी काढली तर लांबीचा गोळा अखंड हातात आला आणि मागचं लाकूड ओल्या भुशासारखं. सहाचे अकरा खांब झाले, आणि चार मीटर वासा.

तेव्हा मी म्हणत होतो, निदान दोन वर्षं तरी निघतील. दोन वर्षं निघाली, हेही खरंच.

आता क्रम असा. डबा बोगीवर उभा असतानाच अंडरफ्रेमच्या, म्हणजे डब्याच्या तळच्या सांगाड्याच्या, कडेने दोरी ताणून झोळ (मध्ये आलेला बाक) मोजायचा. झोळ वर उचलून धरणाऱ्या तळच्या सळ्यांचे, म्हणजे ट्रस रॉडचे, टर्नबकल (आवळायचे पेच) दोन्ही बाजूंना सारखेच, पाव-पाव फेरा आवळायचे. हे आधी, कारण दरवाजे बसवल्यावर झोळ काढला तर ते पुन्हा अडकतात. मग छताखालच्या वाशाला टेकू देऊन एका वेळी एकच खांब सोडवायचा. एकदम तीन सोडवले की भिंत गुण्यात (काटकोनात) राहत नाही. निरोगी लाकूड लागल्यावर आणखी ५० मिलिमीटर वर कापायचं. नव्या तुकड्याचा जोड एकास आठ उताराचा, म्हणजे ५० मिलिमीटर जाडीला ४०० मिलिमीटर लांब. स्क्रू पितळी, कारण लोखंडी स्क्रू गंजून फुगतो आणि लाकूड तडकवतो. पाणी जायची भोकं १२ मिलिमीटरची, आतूनही प्रायमर दिलेली. फळी लावण्याआधी प्रत्येक पोकळीत तांब्याभर पाणी ओतायचं. ते खाली जमिनीवर पडताना दिसल्याशिवाय फळी लावायची नाही.

राहिला खालचा वासा. तिथे सागाऐवजी लोखंडी चॅनल घाला, असं जाणकारही सांगतात. तो कुजणार नाही, मान्य. पण पावसाळी हवेत थंड लोखंडावर दव धरतं, आणि ते खांबाच्या पायातच मुरतं. मी आजवर सागच घातला आहे. पुढच्या डब्यालाही सागच घालेन का, ते अजून ठरत नाही.